एकोणचाळीस मिनिटे

मुंबई शहरात एके काळी दोन वेळा नांदत असत, असे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. एक 'स्टँडर्ड टाइम' आणि दुसरा 'बॉम्बे टाइम'. दोहोंत अंतर ३९ मिनिटांचे. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर मुहूर्त छापताना त्यापुढे 'स्टँ. टा.' ही अक्षरे आवर्जून घालीत; न घातली तर निम्मे वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर मांडवात यावयाचे. १९०६ च्या जानेवारीपासून १९५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, हा दुहेरी संसार चालला. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, सरकारने प्रमाणवेळही एक तास पुढे ढकलली होती. तेव्हा शहरातल्या दोन घड्याळांत चक्क पावणेदोन तासांच्या जवळपास फरक पडला.

याचे गणित सोपे आहे. पृथ्वीला एक रेखांश फिरावयास ४ मिनिटे लागतात. मुंबई ७३ व्या रेखांशाच्या किंचित अलीकडे आहे. देशाची प्रमाणवेळ ठरविली ती साडेब्याऐंशी रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर. मिर्झापुरास सूर्य माथ्यावर आला म्हणजे घड्याळात बारा वाजले असे आपण मानतो. मुंबईच्या सूर्याला माथ्यावर यावयास त्यानंतर आणखी ३९ मिनिटे लागतात. सूर्य सरकारी हुकूम वाचीत नाही.

त्याआधी रेल्वे मद्रासची वेळ पाळीत असे, आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच मद्रासी वेळ मुंबईच्या गळ्यात बांधण्याचा प्रयत्न केला. शहराने ती मानली नाही. कचेऱ्या एका वेळेवर, बाजार दुसऱ्या वेळेवर, अशी दोन वर्षे काढून सरकारला तो नाद सोडावा लागला. पुढे १९०५ च्या जुलैत रेल्वेने नवी प्रमाणवेळ घेतली आणि १ जानेवारी १९०६ रोजी ती मुंबई सरकारने जाहीर केली. बंगालची फाळणी होऊन अडीच महिने झाले होते. सरकारच्या कोणत्याही फर्मानाकडे लोक वाकड्या नजरेने पाहत होते. फिरोजशहा मेहता यांच्यासारखे पुढारी या वादात उतरले, आणि महापालिकेने आपल्या घड्याळांपुरती मुंबईची वेळच कायम ठेवली. इतिहासकार या प्रकरणाकडे पाहतात ते स्वाभिमानाची लढाई म्हणून, आणि ते चूक नव्हे.

परंतु त्याच जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली. नवे घड्याळ लागू होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच काही हजार गिरणीकामगारांनी त्या घड्याळाविरुद्ध काम बंद केले. या माणसांपैकी फारच थोड्यांच्या खिशात घड्याळ असेल. मिर्झापूर कोठे आहे हेही बहुतेकांना ठाऊक नसावे. स्वाभिमान त्यांनाही होता, नाही असे नाही. पण तेवढ्यासाठी हातावर पोट असणारा माणूस दिवसाची मजुरी बुडवीत नाही.

मला या प्रसंगात सर्वांत कुतूहल वाटते ते एका साध्या हिशेबाचे. काम ३९ मिनिटे आधी सुरू होणार, तसे ते ३९ मिनिटे आधीच सुटणार. तास तेवढेच, मजुरी तेवढीच. कोणीही मॅनेजर कागदपेन्सिल घेऊन दाखवून देईल की कामगाराचे यत्किंचितही नुकसान नाही. मग माणसे चिडली कशाकरिता? त्या काळच्या सुशिक्षितांना याचे उत्तर सापडले नाही. अडाण्यांचा गैरसमज म्हणून त्यांनी विषय मिटविला असावा. मी शास्त्राचा पदवीधर नव्हे. तरी गेल्या काही वर्षांत या विषयावर जे हाती लागले ते वाचीत गेलो, आणि माझे मत असे झाले आहे की हिशेब मॅनेजरचाच चुकला होता.

१७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळूसारख्या एका झाडाचे रोप कपाटात कोंडून ठेवले. हे झाड दिवसा पाने उघडते व रात्री मिटते. अंधाऱ्या कपाटातही ते ठरल्या वेळी पाने उघडू-मिटू लागले. म्हणजे वेळ झाडाच्या बाहेर नव्हती, आत होती. माणसाच्या बाबतीत हे कळावयास पुढची दोन शतके जावी लागली. १९६२ च्या जुलैत मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण आल्प्स पर्वतातील एका थंडगार गुहेत घड्याळाशिवाय जाऊन राहिला. १४ सप्टेंबरला त्याला वर काढले, तेव्हा त्याच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे ती २० ऑगस्ट होती! मनाने पंचवीस दिवस हरवले होते. शरीराने मात्र काहीच हरवले नव्हते. त्याच्या झोपण्या-उठण्याच्या नोंदी जुळवून पाहिल्या तेव्हा त्याचा 'दिवस' सरासरी साडेचोवीस तासांचा निघाला. अंधारात, एकटा, तारखेचा पत्ता नसताना, त्याचे अंग दिवस मोजीत होते.

आज आपल्याला हेही ठाऊक आहे की हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, सुमारे २० हजार पेशींच्या एका चिमुकल्या पुंजक्यात आहे. आपल्या हातावरच्या घड्याळाप्रमाणे तेही थोडे चुकते. बहुतेकांचे चोवीस तासांहून काही मिनिटे मागे पडते आणि रोज सकाळच्या उजेडाने ते जुळवून घ्यावे लागते. रात्र पडली की त्याच्या इशाऱ्याने मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात उतरू लागते, पहाटेच्या सुमारास अंगाची ऊब सर्वांत कमी होते, मग हळूहळू चढते. शिवाय यकृताला, आतड्यांना, किंबहुना बहुतेक प्रत्येक अवयवाला आपापले लहान घड्याळ आहे, आणि ती घड्याळे उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेकडे अधिक लक्ष देतात. पेशीच्या आत हे यंत्र कसे चालते ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकनांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ध्यानात घेऊन १९०६ च्या जानेवारीतल्या त्या कामगाराकडे पुन्हा पाहू. जानेवारीत मुंबईचा सूर्य जुन्या वेळेने साडेसहाच्या थोडा पुढे उगवतो. नव्या वेळेने सव्वासातला. समजा, त्याचा भोंगा सहाला होता. काल तो सूर्योदयाआधी अर्ध्या तासाने दाराशी पोहोचत होता, आज त्याला सव्वा तास आधी पोहोचावयाचे आहे. एवढी झोप पहाटेच्या टोकाकडून कापली गेली, आणि ती सुद्धा अंग सर्वांत थंड व जड असते त्या घटकेला. आता संध्याकाळी ३९ मिनिटे लवकर सुटल्यावर ती भरून निघेल काय? येथेच गोम आहे. नेहमीच्या निजेच्या आधीचे दोन-तीन तास हे चोवीस तासांतले झोप लागण्यास सर्वांत कठीण तास असतात, असे आता प्रयोगांनी दिसून आले आहे. शरीर तेव्हा दिवसाची शेवटची जाग धरून बसलेले असते. शिवाय कामगाराच्या खोलीत त्या वेळी चूल पेटलेली, पोरे रडत असलेली आणि शेजारच्या खोलीत कोणी तरी ढोलकी घेऊन बसलेले. सकाळची वजाबाकी खरी आणि संध्याकाळची बेरीज नुसती कागदावरची. विलायतेस जाणाऱ्याचे अंग चार-आठ दिवसांत नव्या वेळेला जुळते, कारण तेथला सूर्यही नव्या वेळेचाच असतो. मुंबईत घड्याळ हलले, सूर्य जागचा हलला नाही.

तेव्हा त्या कामगारांचे भांडण मिर्झापूरशी नव्हते. ते झोपेचे भांडण होते, आणि ते १९०६ च्या पुष्कळ आधी सुरू झाले होते.

गिरणीपूर्वीच्या दिवसाचे फार गोड चित्र मला रंगवावयाचे नाही. आपला जुना दिवस आठ प्रहरांचा. दिवसाचे चार प्रहर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, म्हणून ते उन्हाळ्यात लांबत आणि थंडीत आखडत. दिवसाचे तुकडे पाडणारे शब्दही उजेडावरून आलेले: झुंजुमुंजु, तांबडे फुटले, उन्हे कलली, दिवेलागण, तिन्हीसांजा. शेतकऱ्याचे अंग या शब्दांबरोबर चाले. तरी सूर्य बुडाला की आपले पूर्वज पासोडी ओढून झोपत ही समजूत खरी नव्हे. भजने, कीर्तने, तमाशे रात्रीच होत. २०१५ साली आफ्रिकेतल्या व दक्षिण अमेरिकेतल्या विजेवाचून राहणाऱ्या जमातींच्या झोपेची मोजणी प्रसिद्ध झाली. ती माणसेही सूर्यास्तानंतर तीनएक तास जागी असतात आणि उजाडण्यापूर्वी उठतात. आणि घरातल्या बाईचे काय? सगळे घर निजलेले असताना पहाटे जात्याचा खुंटा तिच्याच हाती असे. जात्यावरच्या गाण्यांचे आपण फार कौतुक करतो. ती गाणी झोप आवरण्यासाठीही असतील हे लक्षात घेत नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बाईला तिची पहाट थोडी परत मिळाली. कापडाच्या गिरणीने मात्र पुरुषांची, आणि पुढे त्यांच्याबरोबर बायकांची आणि मुलांची, पहाट नेली.

१८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी धावू लागली. आरंभीची तीस-चाळीस वर्षे गिरणीचा दिवस उजेडापासून अंधारापर्यंत असे. थंडीत साडेदहा तास, उन्हाळ्यात चौदा. कामगारांकडे घड्याळ नसे. उशीर झाला तर दंड किंवा दिवसाचा खाडा. म्हणून पुष्कळ जण मध्यरात्र उलटताच निघत आणि दाराबाहेर धोतर पांघरून उरलेली झोप घेत. माणसे वेळेवर उठावीत म्हणून भोंगे आले. पहिला भोंगा उठण्याचा, दुसरा निघण्याचा, तिसऱ्याला दार बंद. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा केवळ मुलांपुरता होता: सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास! मोठ्यांच्या तासांविषयी त्यात चकार शब्द नाही.

या काळात नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते ठाण्याचे. गिरणीत नोकरी केलेला हा माणूस, जोतीराव फुल्यांचा अनुयायी. १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' चालवीत होता. १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांची सभा भरवून त्यांनी ज्या मागण्या मांडल्या त्या मी जेव्हा प्रथम वाचल्या, तेव्हा चकित झालो. पगारवाढीचा त्यांत उल्लेख नाही. रविवारी पुरी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. जखमी कामगारास बरा होईतो पूर्ण पगार. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. साडेपाच हजार लोकांनी या अर्जावर सह्या केल्या. पाहा, सकाळची वेळ घड्याळाची आहे आणि संध्याकाळची सूर्याची. सकाळी घड्याळ हवे, कारण मालकाने मध्यरात्रीला पहाट म्हणू नये. संध्याकाळी सूर्य हवा, कारण घड्याळ मालकाच्या हातात आहे. शरीरशास्त्राचे एकही पुस्तक तेव्हा याविषयी बोलत नव्हते. ही मागणी पाठ, डोळे आणि पाय यांच्या अनुभवातून लिहिली गेली होती. रविवार मिळावयास १८९० चा जून उजाडला. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. सूर्यास्ताची मागणी मात्र तशीच राहिली.

आणि मग वीज आली. आपण विजेच्या दिव्याकडे ज्ञानाचे प्रतीक म्हणून पाहतो. गिरणगावात तो निराळ्या वेषात आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत बहुतेक गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि १९०५ च्या तेजीत, सूर्य हा जो एकमेव मुकादम मालकांना 'आता पुरे' म्हणू शकत होता, त्याची नोकरी सुटली. चौदा तास, क्वचित त्याहून अधिक, गिरण्या चालू लागल्या. त्या वर्षी कामगारांनी दंगाधोपा केला. इंग्रजी वृत्तपत्रांनीदेखील टीकेची झोड उठविली. चौकशी झाली, कमिशन बसले, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आला; १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा, १९४६ ला नऊ. म्हणजे १९०६ च्या जानेवारीत ती ३९ मिनिटे आली ती अशा माणसांवर, ज्यांची संध्याकाळ दोनतीन महिन्यांपूर्वीच विजेने खाल्ली होती. आता पहाटही निघाली होती.

तास कमी झाले तसा एक नवाच प्रश्न उभा राहिला. एका माणसाचे तास कमी झाले, पण साच्याचे नव्हे. माणसे बदलून यंत्र चालू ठेवणे फायद्याचे ठरू लागले. रातपाळी आधी अधूनमधून, पुढे १९३० नंतर सर्रास, आणि महायुद्धात तिसरी पाळी. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात, हे आकडे गिरणगावातल्या मुलाला पाढ्यांच्या आधी पाठ असत. मलाही होते.

माझे वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा मी रांगत होतो. संप मोडल्यावर त्यांना पुन्हा घेतले ते बदली म्हणून, तीही तिसऱ्या पाळीला. बदली म्हणजे काय हे आता सांगावे लागते. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. म्हणून त्याने पाळीच्या वेळी दाराशी हजर व्हावयाचे; काम मिळाले नाही तर परत यावयाचे आणि पुढच्या पाळीला पुन्हा जावयाचे. अण्णा एखाद्या दिवशी दुपारी तीनला जात, हात हलवीत परत येत, जेवत नसत. रात्री साडेअकराला पुन्हा जात. आज आपण रात्री जागणार की झोपणार हे त्यांना स्वतःला रात्री बारापर्यंत कळत नसे, तर त्यांच्या यकृताला कोठून कळावे!

आमची खोली दहा बाय बारा. १९३१ च्या जनगणनेत मुंबईतले शंभरातले चौऱ्याहत्तर लोक एकखोली घरात राहत होते. पन्नास वर्षांनी आमच्या चाळीत तो आकडा शंभराला शंभर होता. आमच्या शेजारच्या गाळ्यात तर वीस-पंचवीस गाववाले राहत. वळकट्या मोजक्याच, पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच उबेत शिरे. अण्णा सकाळी साडेसातला येऊन झोपत तेव्हा आई खिडकीला गोधडी लावी. आम्ही भावंडे व्हरांड्यात अभ्यास करीत असू. आतून कांदा चिरल्याचा आवाजही येत नसे. आई विळीखाली फडके घाली. तरी नळाची घागर, खालचा भंगारवाला, शेजारचा रेडिओ. शिवाय खुद्द अण्णांचे अंग. दिवसा अंगाची ऊब चढत असते, ते कितीही थकलेले असले तरी त्यांना साडेअकराला जाग येई, आणि ते छताकडे पाहत पडून राहत. "झोपा की हो थोडं," असे आई म्हणे. "झोप काय रेशनवर मिळती व्हय?" असे ते उत्तर देत. मला तेव्हा वाटे की अण्णांचा स्वभावच चिडका आहे. आता वाटते, त्या माणसाने पंधरा-वीस वर्षांत सलग सात तासांची झोप किती वेळा घेतली असेल ते बोटांवर मोजता येईल.

रातपाळीचा त्रास केवळ झोप कमी होण्याचा नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. मध्यरात्रीनंतर डबा उघडला की पोटाच्या घड्याळाला वाटते दुपार झाली, डोळ्यामागचे घड्याळ म्हणते पहाट व्हावयाची आहे. सकाळी घरी चालत येताना लख्ख ऊन डोळ्यांत जाते आणि मुख्य घड्याळ पुन्हा दिवसाकडे ओढले जाते. एकाच देहात चार वेळा नांदू लागतात. मुंबईने दोन वेळांतच पन्नास वर्षे गोंधळ घातला. येथे तर दाद मागावयास महापालिकाही नाही. आगगाडीप्रमाणे वेळापत्रक सांभाळणारी ही इंद्रिये एकमेकांशी फटकून वागू लागली म्हणजे आम्लपित्त, मधुमेह, हृदयाचे विकार वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन शाखेने २००७ साली अंगाची लय बिघडविणारी रातपाळी कर्करोगास बहुधा कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत घातली आणि २०१९ साली तोच निर्णय कायम केला. अण्णांच्या काळी गिरणीच्या दवाखान्यात अशा तक्रारीवर गुलाबी गोळी मिळे. ती कसली होती कोण जाणे.

दिवसपाळीवाल्याचीही सुटका नव्हती. सूत तुटू नये म्हणून हवा दमट हवी, दमटपणा टिकावा म्हणून खिडक्या बंद. आत ट्यूबलाइटचा फिकट उजेड. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्स एवढा प्रकाश असतो, पावसाळी ढगाखालीसुद्धा हजारो. खोलीत तो काही शेकडेच भरतो. दिवस मिणमिणता आणि रात्रही मिणमिणती. अशाने आतल्या घड्याळाला दिवस कोणता आणि रात्र कोणती हेच नीट उमगत नाही, ते मागे सरकत जाते. २०१३ साली अमेरिकेत कोलोरॅडोत काही शहरी माणसांना आठवडाभर रानात तंबूत ठेवले, दिवा म्हणून फक्त सूर्य आणि शेकोटी. आठवड्यात त्यांची घड्याळे दोन तास अलीकडे आली. उशिरा निजणे हा स्वभाव आहे असे ती माणसे समजत होती. तो निदान अर्धा तरी घराचा गुण होता.

गिरणी बंद पडली आणि आम्ही साताऱ्याकडच्या गावी परतलो. अण्णा शेवटपर्यंत रात्री साडेअकराला उठून बसत, दारापर्यंत जात आणि परत येत. गाव तसे शांत. परंतु येथेही रातपाळी आहे, तिला ते नाव नाही एवढेच. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री सुटते. उसाला पाणी द्यावयाचे तर माणूस रात्री विजेची वाट पाहत बसतो. ती आली की थंडीत, चिखलात, बॅटरी घेऊन बारे मोडतो. साप, बिबट्या ही भीती वर्तमानपत्रांत येते. बिघडलेल्या झोपेची बातमी होत नाही. दिवसाच्या विजेसाठी सरकारने २०१७ पासून सौर वाहिन्यांची योजना हाती घेतली आहे, आणि ज्या गावांत ती पोहोचली तेथली माणसे पहिल्यांदा काय सांगतात, तर 'रात्री झोपायला मिळतं'. उत्पन्नाची गोष्ट नंतर.

शाळेच्या वेळेचाही विचार होऊ लागला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलांची झोप हेच कारण त्यात दिले आहे. निर्णय चांगलाच आहे. मौज अशी की लहान मुले मुळातच लवकर उठणारी असतात; वयात येताना मात्र अंगातले घड्याळ मागे पडते, आणि खरी गरज आठवी ते दहावीच्या मुलांना आहे. पुष्कळ ठिकाणी तीच सकाळच्या सातच्या सत्रात बसलेली असतात, कारण दुपारी खोल्या धाकट्यांना लागतात. पुन्हा प्रश्न खोलीचाच.

नववीतला एक मुलगा काही दिवस पहिल्या तासाला बाकावर डोके टेकतो आणि काही दिवस अगदी ताजातवाना असतो. पूर्वी आम्ही शिक्षक मंडळी त्याला आळशी म्हणत असू. त्याचा बाप एकटा आहे, पाण्यावर एक माणूस आणि मोटारीपाशी एक माणूस लागतो. या वर्षापासून मी गावच्या विजेचे वेळापत्रक हजेरीपटाच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवले आहे, आणि चाचणी परीक्षेची तारीख ठरविताना आधी ते पाहतो.